शिखर, समुद्र आणि वाटेतली माणसे

हैदराबादची कोठी आपल्या सीमाभागातील मराठी माणसाला परकी नाही. 1956 पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे शिक्षण, कोर्टकचेरी, औषधपाणी, लग्नाचा बस्ता अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने आपल्या मागच्या पिढ्यांचे पाय कोठीला लागलेच. ज्या वास्तूवरून या भागाला कोठी म्हणू लागले, ती ब्रिटिश रेसिडेन्सी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक याच्या कारकिर्दीत उभी राहिली. 1949 मध्ये तिथे मुलींचे कॉलेज आले आणि आज तिथे महिला विद्यापीठ आहे.

या कोठीत ना हिमशिखर, ना समुद्र. तरीही गिर्यारोहणाच्या आणि थंड समुद्रावरील साहसाच्या इतिहासात हैदराबादचे नाव घ्यावे लागते. ते कसे, हे वाचकांपुढे थोडक्यात मांडावे असे इतिहासाचा शिक्षक या नात्याने बरेच दिवस मनात होते.

भारताची त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्बटन याने 1802 मध्ये मद्रासहून सुरू केली. त्याचा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा. तो माणसांच्या खांद्यावरून एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जात असे. ही मोजणी दख्खन चढत 1815 मध्ये बीदरच्या परिसरात आली. 1818 च्या अखेरीस लॅम्बटनचा मदतनीस म्हणून एक तरुण अधिकारी हैदराबादला दाखल झाला. त्याचे नाव जॉर्ज एव्हरेस्ट. दुसऱ्याच वर्षी कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधील जंगलात मोजणी करताना ऐन पावसाळ्यात तापाने त्याला गाठले. बरोबरची कित्येक माणसे आजारी पडली, काही वाटेतच दगावली. प्रकृती सुधारण्यासाठी एव्हरेस्टला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केप वसाहतीत पाठविण्यात आले. लॅम्बटन मात्र कामावर असतानाच जानेवारी 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला.

पुढे हीच मोजणी हिमालयापर्यंत पोहोचली. राधानाथ सिकदार यांच्या गणितातून पंधराव्या क्रमांकाचे शिखर सर्वांत उंच ठरले आणि 1865 मध्ये त्याला एव्हरेस्टचे नाव मिळाले. खुद्द एव्हरेस्टला ही कल्पना पसंत नव्हती, आणि त्या शिखरावर चढण्याचा तर त्याच्याबाबतीत प्रश्नच नव्हता. शिखराला साहेबाचे नाव लागले, पण 1819 च्या पावसात साहेबाची यंत्रे वाहणारे, टेकड्यांवर निशाणे धरणारे आणि तापाने मेलेले ते लोक कोण होते? इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना नावे नाहीत. 'कुली', 'निशाणवाले', 'शिपाई' एवढीच त्यांची ओळख.

हा प्रश्न मनात ठेवून पुढची हकीकत वाचावी. 25 मे 2014 रोजी एक मुलगी तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. तिचे वय तेरा वर्षे अकरा महिने. नाव मालावत पूर्णा, गाव निजामाबाद जिल्ह्यातील पाकाला, आणि आईवडील शेतमजूर. निजामाबाद म्हणजे गोदावरीपलीकडचा आपल्या नांदेडचा शेजारी. एव्हरेस्टवर चढणारी ती तेव्हा जगातील सर्वांत लहान मुलगी ठरली. त्याच मोहिमेत आनंद कुमार हा खम्मम जिल्ह्यातील मुलगाही शिखरावर पोहोचला. खम्मम हा कृष्णा-गोदावरीच्याच टापूतील जिल्हा. दोघेही सरकारी निवासी शाळांचे विद्यार्थी. या शाळांचे सचिव आर. एस. प्रवीण कुमार यांनी मुलांना डोंगरावर पाठवायचे ठरविले. गिर्यारोहक शेखर बाबू यांनी त्यांना भोंगीरच्या खडकावर पहिले धडे दिले. पुढे दार्जिलिंग आणि लडाख येथे त्यांचा सराव झाला. 2022 पर्यंत पूर्णाने सातही खंडांची सर्वोच्च शिखरे गाठली.

डोंगराची कथा झाली, आता पाण्याची. 10 सप्टेंबर 2017 रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' ही शिडाची नौका घेऊन गोव्याहून निघाल्या. त्यांतल्या एक, ऐश्वर्या बोड्डपाटी, हैदराबादच्या. या तुकडीला तयार केले ते कॅप्टन दिलीप दोंदे या मराठी नाविकाने. 2009-10 मध्ये गोव्यातच बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. दक्षिण महासागरात थंडी हाडात शिरते आणि लाटा घराएवढ्या उठतात. तिथे शिडाची नौका लाटेशी झुंजत नाही. लाटेच्या पाठीवर स्वार होऊन, सुकाणू क्षणभरही ढळू न देता तिला पुढे न्यावे लागते. जानेवारी 2018 मध्ये तारिणीने केप हॉर्नला वळसा घातला. पुढे ती केप टाऊनला थांबली. दोनशे वर्षांपूर्वी हैदराबादचा तापकरी एव्हरेस्ट विश्रांतीसाठी गेला होता, तो हाच मुलूख. 21 मे 2018 रोजी, 254 दिवसांनी आणि सुमारे 21,600 सागरी मैलांनंतर, त्या गोव्याला परतल्या.

साहस हे किनाऱ्यावरच्या किंवा हिमालयाच्या कुशीतल्या लोकांचे काम, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. वरील उदाहरणे ते खोडून काढतात. अंगातली ताकद तर 1819 मध्येही या मातीतल्या माणसांकडे होती, म्हणून तर ती अवजड यंत्रे टेकड्यांवर चढली. नव्हती ती संधी, शिकविणारा गुरू आणि नोंद. पूर्णाला शाळा मिळाली, ऐश्वर्यांना नौका मिळाली, आणि दोघींची नावे जगाने लिहून ठेवली.

म्हणून माझी वाचकांना एक विनंती आहे. जुन्या मोजणीच्या खुणेचे दगड काही टेकड्यांवर अजून आढळतात. आपल्या गावच्या टेकडीवर तसा एखादा असेल तर मुलांना तिथे घेऊन जा. म्हातारी माणसे त्या जागेला मराठीत, तेलुगूत किंवा कन्नडात काय म्हणतात, ते विचारा. कुणाच्या घरी मोजणीच्या, डोंगराच्या वा दर्याच्या कामावर गेलेल्या पूर्वजाची आठवण असेल, तर ती नाव-गावासह वहीत उतरवून शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. भाषा कोणतीही असो. ज्यांची नावे गेली ती आता परत मिळणार नाहीत, पण जी अजून कुणाच्या तरी ओठांवर आहेत ती तरी हातची जाऊ नयेत.