वनमजुराचा धनी कोण? : चांदा प्रदेशातील अपघात-भरपाईच्या कायद्याचा मागोवा

कामावर असताना मजुराला इजा झाली तर तिचा भार कोणी सोसावयाचा, या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर भारतात प्रथम १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने दिले. हा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. गिरण्या, खाणी व रेल्वे यांच्या संदर्भात त्याची पुष्कळ चर्चा झालेली आहे. परंतु जंगलात राबणाऱ्या मजुराच्या बाजूने त्याकडे क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात जुन्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजेच २६ ऑगस्ट १९८२ रोजी विभाजन होऊन बनलेल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या अनुषंगाने हा विचार करावयाचा आहे.

प्रथम या कायद्याचे कूळ पाहणे अगत्याचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात या प्रश्नाची दोन उत्तरे निघाली. जर्मनीने १८८४ साली अपघात-विम्याचा कायदा केला. त्यात भरपाईची जबाबदारी एकट्या मालकावर न ठेवता त्या धंद्यातील सर्व मालकांच्या संघावर टाकली होती, आणि १८८६ साली ही योजना शेती व वनांतील मजुरांनाही लागू झाली. इंग्लंडने १८९७ साली दुसरा मार्ग धरला : ज्याच्या कामावर इजा झाली त्याच मालकाने भरपाई द्यावी. भारतातील कायदा या इंग्रजी वळणाचा होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भारतीय वनखात्याची घडी बसविणारे पहिले महानिरीक्षक ब्रँडिस (१८६४) व त्यांच्यामागून आलेले श्लिक हे दोघेही जर्मन होते. वन राखण्याची व तोडण्याची विद्या आपण जर्मनीकडून घेतली. तोडणाऱ्या हाताच्या संरक्षणाचा कायदा मात्र इंग्लंडकडून घेतला. या विजोड जोडीचे परिणाम चांद्याच्या जंगलात स्पष्ट दिसतात.

१९२३ च्या कायद्यात प्रौढ मजुराच्या मृत्यूबद्दल तीस महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम ठरविली होती. कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल बेचाळीस महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये. कोणते मजूर यात येतात हे परिशिष्टावरून ठरत असे. झाडे तोडणे, ओंडके काढणे, जलमार्गाने लाकूड वाहून नेणे व वणवा विझविणे ही कामे त्यात समाविष्ट झाली. थोड्या दिवसांच्या कामाचे मासिक वेतन कसे काढावे याचाही नियम होता : त्याच परिसरात तसेच काम करणाऱ्याची सरासरी कमाई धरावी. तेव्हा कायद्याला वनमजूर दिसतच नव्हता असे म्हणता येणार नाही. अडचण निराळी होती. ह्या साऱ्या रचनेच्या मुळाशी एक ठाऊक असलेला धनी गृहीत धरलेला होता.

खाणीत असा धनी असे. वरोऱ्याची सरकारी कोळसाखाण १९०६ साली बंद झाली; तोवर बल्लारपूरला कोळसा निघू लागला होता. तेथे हजेरीपट होता, व्यवस्थापक होता. जंगलात कूप लिलावाने ठेकेदाराकडे जाई, ठेकेदार मुकादम नेमी आणि मुकादम गावोगावचे मजूर गोळा करी. १९५१ साली जमीनदाऱ्या नष्ट झाल्यावर अहेरीसारख्या जमीनदारीची जंगले सरकारकडे आली. पण ही साखळी तशीच राहिली. कायद्याच्या बाराव्या कलमाने ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती खरी. परंतु काम मूळ मालकाच्या धंद्याचाच भाग असावे आणि अपघात त्याच्या ताब्यातील जागेत किंवा तिच्या आसपास घडलेला असावा, अशा अटी होत्या. कूप विकल्यानंतर मालक खाते की ठेकेदार? पाड्यावरून कुपाकडे जाणारी पाऊलवाट कोणाच्या ताब्यात? शिवाय मालकाने आपल्या जबाबदारीचा विमा उतरविलाच पाहिजे असे बंधन नव्हते. हंगाम संपताच निघून गेलेल्या ठेकेदाराविरुद्धचा हक्क कागदावरच राहावयाचा. दावा करण्याची मूळ मुदत सहा महिन्यांची होती. ती पुढे दोन वर्षांपर्यंत वाढली, पण भामरागडच्या मजुराला आयुक्ताच्या कचेरीचे अंतर तेवढेच राहिले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने वैयक्तिक जबाबदारीऐवजी सामाजिक विम्याचे तत्त्व स्वीकारले. प्रा. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाचा त्याला आधार होता. १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. परंतु ती बारमाही, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी होती. हंगामी कारखाने व खाणी तिच्याबाहेर होत्या. परिणामी बल्लारपूरच्या कागद गिरणीत बांबूचा लगदा करणारा कामगार अशा विम्याच्या कक्षेत येण्याजोगा होता. तोच बांबू रानात तोडणारा मात्र जुन्या कायद्यावरच विसंबून राहिला. एकाच मालाच्या प्रवासात मजुरांचे दोन वर्ग पडले.

तेंदूपत्त्याच्या बाबतीत गुंता अधिक आहे. १९६९ च्या महाराष्ट्र अधिनियमाने या व्यापारावर शासनाचे नियंत्रण आले. उन्हाळ्यात पहाटे घरातील सर्व माणसे पाने तोडतात, पुडे बांधतात व संकलन केंद्रावर, ज्यास या भागात फळी म्हणतात तेथे, देतात. मोबदला पुड्यांच्या संख्येवर मिळतो. मग ही मजुरी की मालाची किंमत? पाने तोडणाऱ्या बाईवर वाघाने किंवा अस्वलाने हल्ला केला तर शासन वन्यप्राण्यांमुळे झालेल्या हानीबद्दल साहाय्य देते. ते आवश्यकच आहे. पण त्या साहाय्यात ती वाघाची बळी ठरते, कामगार ठरत नाही.  हा भेद केवळ शब्दांचा नव्हे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने प्रश्नाला नवे वळण दिले. मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. पुढे इतरही ग्रामसभा या वाटेने गेल्या. येथे तोडणारा हाच सामूहिक मालक आहे. मग भरपाई त्याने स्वतःकडेच मागावी काय? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत वरील दोन्ही कायदे विलीन झाले व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. घरून कामावर जाताना घडलेला अपघातही, कामाशी संबंध असल्यास, आता भरपाईस पात्र ठरतो; पाऊलवाटेचा जुना प्रश्न त्यामुळे काहीसा सुटेल. परंतु भरपाईचा पाया अद्याप मालक हाच आहे.

शंभर वर्षांच्या या इतिहासावरून एक निष्कर्ष निघतो. जेथे धनी बदलतो, लपतो किंवा नाहीसा होतो, तेथे धन्यावर आधारलेला हक्क टिकत नाही. बांबूच्या व पानांच्या विक्रीतूनच ठराविक अंश बाजूला काढून, खरेदीदार कोणीही असो, कामाला निघालेल्या प्रत्येकाचा विमा उतरविणे हा त्यावरचा मार्ग दिसतो. जर्मनीने १८८६ साली आपल्या वनमजुरांना धंद्याच्या सामूहिक जबाबदारीचे संरक्षण दिले, त्यामागचे तत्त्व हेच होते. दोन्ही जिल्ह्यांतील भरपाईच्या दाव्यांची कागदपत्रे व ग्रामसभांचे करारनामे एकत्र ठेवून अभ्यासल्यास या विचाराला अधिक भक्कम आधार मिळेल. पदव्युत्तर अभ्यासकांनी हे काम अवश्य हाती घ्यावे.