हिल्टन हेड बेट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी दक्षिण कॅरोलायना राज्यातील, अटलांटिक किनाऱ्यालगतचे विश्रामस्थळ. लांबी सु. १९ किमी.; लोकसंख्या ३७,६६१ (२०२०). उत्तरेस पोर्ट रॉयल व नैर्ऋत्येस कॅलिबोग ही खाडीमुखे आहेत. उपोष्ण हवामानामुळे उन्हाळा दमट व हिवाळा सौम्य असतो. पाइन, सदाहरित ओक आणि खाजणांतील गवताळ दलदल ही येथील निसर्गाची ओळख.

आदिवासींनी रचलेली शिंपल्यांची प्राचीन वर्तुळे बेटावर आढळतात. बार्बेडोसहून आलेला इंग्रज कप्तान विल्यम हिल्टन याने १६६३ मध्ये या किनाऱ्याची पाहणी केली; त्यावरून बेटास हे नाव पडले. १७९० मध्ये येथे लांब धाग्याच्या कापसाचे पीक यशस्वी झाले आणि गुलामांच्या श्रमांवर मळे वाढले. यादवी युद्धात, ७ नोव्हेंबर १८६१ रोजी, संघराज्याच्या नौदलाने बेट घेतले व मळेवाले पळून गेले. पुढच्याच वर्षी मुक्त कृष्णवर्णीयांचे मिचेलव्हिल हे स्वशासित गाव वसले. मुलांचे शिक्षण त्यांनी कायद्याने सक्तीचे केले. युद्धानंतर एकाकी पडलेल्या बेटावर गुलामांच्या वंशजांच्या गुल्ला समाजाने शेती, मासेमारी, टोपल्या विणण्याची कला आणि आफ्रिकी वळणाची आपली बोली जपली.

१९५० च्या सुमारास लाकूड व्यापाऱ्यांनी बेटाचा मोठा भाग खरेदी केला. १९५६ मध्ये मुख्य भूमीशी जोडणारा पूल झाला. चार्ल्स फ्रेझर याने ‘सी पाइन्स’ वसाहत उभारताना बांधकाम व वृक्षतोड यांवरील निर्बंध खरेदीखतातच घातले. हीच पद्धत पुढे अन्यत्र आदर्श ठरली. १९६९ पासून येथील गोल्फ स्पर्धा गाजू लागली. त्याच सुमारास जवळच्या किनाऱ्यावर येऊ घातलेला रासायनिक कारखाना मच्छीमार व विकासकांनी एकत्रितपणे रोखला. वाढीवर स्थानिक नियंत्रण राहावे म्हणून १९८३ मध्ये बेटावर नगरपालिका स्थापन झाली.

या भरभराटीची किंमत गुल्ला कुटुंबांनी मोजली. मृत्युपत्राविना पिढ्यान्‌पिढ्या सामाईक राहिलेल्या जमिनी वाढते कर, वाटणीचे दावे व लिलाव यांमुळे हातच्या गेल्या. काही दफनभूमी तर फाटकबंद वसाहतींच्या आत अडकल्या. २००६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने गुल्ला-गीची सांस्कृतिक वारसापट्ट्यास मान्यता दिली. मिचेलव्हिलच्या जागेवर आता स्मृतिउद्यान आहे. येथे झाडांना खरेदीखतातून संरक्षण मिळाले. तसे पक्के संरक्षण मूळ रहिवाशांच्या जमिनीला मिळाले नाही, ही या नियोजनातील सर्वांत मोठी उणीव होय.