उचकी : अ‍ॅरिस्टोफेनिसची आणि आपली

उचकी लागली की आपल्याकडे पहिला प्रश्न, "कोण आठवण काढतंय?" मग मामा, मावशी, आत्या अशी एकेक नावं घ्यायची. ज्या नावाला उचकी थांबेल, त्याने आठवण काढली! तोवर दोन-चार मिनिटं गेलेली असतात आणि उचकी तशीही थांबणारच असते, हा भाग वेगळा :-)

पण हे दुखणं फार जुनं. प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मध्ये इ.स.पूर्व ४१६ मधल्या अथेन्सच्या एका मेजवानीचं वर्णन आहे. नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसची बोलायची पाळी आली आणि नेमकी त्याला उचकी लागली. शेजारी वैद्य एरिक्झिमॅकस होता. त्याने तीन उपाय सांगितले: श्वास रोखून धर, पाण्याने गुळण्या कर, नाहीच थांबली तर नाकात काहीतरी घालून शिंक काढ. शेवटी शिंकेनेच काम झालं.

आता यामागचं कारण कळलंय. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल हा स्नायू अचानक आकुंचन पावतो, हवा आत ओढली जाते आणि लगेच स्वरयंत्राचं दार बंद होतं. तोच तो 'हिक्' आवाज. भरभर जेवणं, पोट फुगणं, सोडा, दारू ही नेहमीची निमित्तं. श्वास रोखला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. गुळण्यांनी किंवा गार पाण्याच्या घोटांनी घशातल्या नसा चाळवतात. त्याने ही साखळी तुटत असावी. आजीची चमचाभर साखरही याच जातीची. १९७१ मध्ये अमेरिकेत २० रुग्णांना कोरडी साखर गिळायला दिली, १९ जणांची उचकी थांबली!

मात्र प्रत्येक उचकी हसण्यावारी नेण्यासारखी नसते. चरकसंहितेत उचकीचे पाच प्रकार सांगितलेत. जेवताना लागणारी 'अन्नजा' साधी, पण 'महाहिक्का' आणि 'गंभीरा' जिवावर बेतणाऱ्या. १९५४ मध्ये पोप बारावे पायस पोटाच्या आजाराने आणि उचक्यांनी बेजार झाले होते. अमेरिकेतल्या आयोवाच्या चार्ल्स ऑस्बर्नला तर १९२२ मध्ये डुकराचं वजन करताना लागलेली उचकी १९९० मध्ये थांबली. अडुसष्ट वर्षं!

मेंदू, मूत्रपिंड किंवा पोटाचा आजार कधीकधी असा उचकीतून डोकावतो. म्हणून घरातल्या एखाद्या आजोबांची उचकी दोन दिवस थांबली नाही, तर नावं घेत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावं. आठवण काढणाऱ्याला नंतर फोन करता येईल.