मनगटावरची दिल्ली

जर्मनीत ऑनसाइट जाऊन आलेल्या बऱ्याच मंडळींकडे ते घड्याळ असतं. किल्ली नको, चावी नको, रोज रात्री आपलं आपण वेळ जुळवून घेतं. सेकंदाचाही फरक पडत नाही म्हणून मित्रांना दाखवायचं. आणि मग मुंबईला उतरल्यावर ते चक्क फ्रँकफर्टची वेळ दाखवत बसतं. मॅन्युअल कधीच हरवलेलं असतं!

तर आधी कामाचं. अशा बहुतेक डिजिटल घड्याळांत अ‍ॅडजस्टचं बटण (बहुधा डावीकडचं वरचं) काही सेकंद दाबून धरायचं. एखाद्या शहराचं तीन अक्षरी नाव लुकलुकायला लागतं. उजवीकडच्या बटणाने पुढे पुढे जायचं आणि आपलं शहर आलं की पुन्हा अ‍ॅडजस्ट दाबून बाहेर पडायचं. आकडा बरोबर साडेचार तासांनी पुढे उडी मारतो (उन्हाळ्यात बदलून घेतलंत तर साडेतीन). संपलं. कॅसिओच्या यादीत मात्र मुंबई शोधू नका. तिथे आपल्यासाठी 'डीईएल', म्हणजे दिल्ली असते.

मुंबईकराच्या मनगटावर दिल्ली! गंमत वाटते, पण या तीन अक्षरांमागे एक मोठं भांडण आहे.

आधी घड्याळाला वेळ कळते कशी ते बघू. फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेन नावाचं गाव आहे. तिथला डीसीएफ७७ हा मनोरा १९५९ पासून ७७.५ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण करतोय. तारीख-वेळेचा कोड त्यात १९७३ पासून आला. दर सेकंदाला सिग्नल क्षणभर मंदावतो: ०.१ सेकंद मंदावला तर शून्य, ०.२ सेकंद मंदावला तर एक. सेकंदाला एक बिट! आपल्या ब्रॉडबँडच्या मानाने बैलगाडीच. पण एका मिनिटात तास, मिनिट, तारीख, वार, सगळं येतं. १९९० मध्ये युंगहान्स कंपनीने हा रिसीव्हर मनगटी घड्याळात बसवला.

हा सिग्नल साधारण २००० किलोमीटरपर्यंत मिळतो. मुंबई त्याच्या तिपटीहून लांब. त्यामुळे इथे घड्याळाला मनोरा ऐकू येत नाही, ते साधं क्वार्ट्झ होऊन चालतं. आणि मुख्य म्हणजे घड्याळ कुठे आहे हे मनोऱ्याला ठाऊक नसतं. तो फक्त जर्मनीची कायदेशीर वेळ ओरडून सांगतो. आपण कुठले, हे आपणच सांगायचं.

आता ही 'कायदेशीर वेळ' तरी कुठली? १८९१ पर्यंत जर्मनीत एकच वेळ नव्हती. बर्लिनची वेगळी, म्युनिकची वेगळी, स्टुटगार्टची आणखी वेगळी. त्या वर्षी मार्चमध्ये नव्वदीतला सेनापती मोल्टके संसदेत उभा राहिला. त्याला काळजी सैन्य हलवण्याची. रेल्वेचं टाइमटेबल पाच वेळांत लिहिलं तर फौज वेळेवर पोचणार कशी? पुढच्या महिन्यात तो वारला, पण १ एप्रिल १८९३ पासून कायदा लागू झाला: १५ अंश पूर्व रेखांशाची वेळ सगळ्या देशाची. म्हणजे ज्या फ्रँकफर्टजवळून सिग्नल सुटतो तिथला सूर्यसुद्धा त्या घड्याळापेक्षा सुमारे २५ मिनिटं मागे असतो.

जर्मनांनी हे मानलं. मुंबईने मात्र सहजासहजी मानलं नाही.

मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे चालायची मद्रास टाइमवर, तो मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसनने सरकारी कचेऱ्यांवर मद्रास टाइम लादला, तेव्हा इतकी ओरड झाली की १८८३ मध्ये तो मागे घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ ला ८२.५ अंश रेखांशावरची भारतीय प्रमाण वेळ आली. मुंबईचं घड्याळ एकदम ३९ मिनिटं पुढे!

ज्याला ऑफिसात दहाला जायचं त्याला हा हिशोब आकड्यांचा होता. गिरणी कामगाराला मात्र भोंगा ३९ मिनिटं आधी वाजणार होता, तोही अंधारात. त्यामुळे गिरण्यांत निषेध झाले. नगरपालिकेने त्याच वर्षी मुंबई टाइम परत आणला. पुढे कित्येक वर्षं एकाच शहरात दोन वेळा होत्या; स्टेशनवर एक, पालिकेच्या घड्याळात दुसरी. हा प्रकार पूर्ण संपला तो स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. तोवर प्रमाण वेळ परक्या सरकारची राहिली नव्हती, आपलीच झाली होती.

मला यात दोन्ही बाजू पटतात. कोड लिहिणारा माणूस म्हणून एक देश, एक ऑफसेट हे सोयीचंच. तीन टाइमझोनच्या कॉलमध्ये बसलेल्या कुणालाही विचारा! पण ती सोय फुकट आली नाही. कुणीतरी आपली ३९ मिनिटांची झोप त्यासाठी दिली आहे, आणि ते कुणी द्यायचं हे ठरवताना त्याला विचारलं नव्हतं.

असो. पुढच्या वेळी तुमच्या मित्राचं घड्याळ जुळवून द्याल तेव्हा 'डीईएल' निवडताना त्याला ही गोष्ट नक्की सांगा. सूर्य बरोबर डोक्यावर येईल तेव्हा घड्याळात बाराच वाजलेत का, हेही बघायला सांगा. मुंबईत तरी नसतील.