गिरणी कामगार घरकुल योजना (शिवडी)

बंद कापड गिरण्यांतील कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना म्हाडाच्या सोडतीतून ठरावीक किमतीत घर देणारी राज्य शासनाची योजना. मूळ आधार : मुंबई विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58. 2001 च्या दुरुस्तीने गिरण्यांच्या जमिनीच्या वाटणीत फक्त मोकळी जागा धरली गेली आणि म्हाडाचा वाटा आटला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. शिवडीत टोकरशी जिवराज मार्गावर स्वान मिलच्या जागेत या योजनेतील इमारती आहेत.

पात्रता : 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असणे. गिरणी कामगारांचा संप त्याच महिन्याच्या 18 तारखेला सुरू झाला, त्यामुळे पुन्हा कधीच आत न गेलेला संपकरीही या रेषेच्या अलीकडे येतो. खरी अडचण पुराव्याची. सप्टेंबर 2023 पासून म्हाडाने सुमारे दीड लाख अर्जदारांसाठी पात्रता-निश्चितीची मोहीम चालवली. तीत मागितलेली कागदपत्रे अशी : गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, हजेरीपत्रक, रजेची नोंदवही, प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआयचे क्रमांक, उपदानाचा आदेश, पगारपावती इत्यादी. तिकीट म्हणजे खात्यातला कामगाराचा क्रमांक. गिरणी पडली, दप्तर विखुरले. ट्रंकेत जपलेल्या एखाद्या पगारपावतीवरचा हा आकडा आता वारसाच्या कामी येतो. या योजनेचा इतिहास सोडतींपेक्षा अशा चिठोऱ्यांत अधिक सापडतो.

सोडती : 28 जून 2012 रोजी 6,925 घरे, प्रत्येकी 225 चौ. फूट, किंमत साडेसात लाख रुपये. 1 मार्च 2020 रोजी बॉम्बे डाईंग, स्प्रिंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरील 3,894 घरे, साडेनऊ लाखांना.

मुंबईबाहेरची घरे : डिसेंबर 2016 च्या सोडतीत पनवेलजवळच्या कोन येथील घरे सहा लाखांना. करोनाकाळात तिथे विलगीकरण केंद्र होते. चाव्या मिळायला वर्षे गेली. मार्च 2024 च्या शासननिर्णयाने कर्जत तालुक्यातील शेलू आणि अंबरनाथ तालुक्यातील वांगणी येथे सुमारे 81 हजार घरे योजिली आहेत. किंमत 15 लाख. साडेपाच लाख अनुदान, साडेनऊ लाख कामगाराचे. कामगार संघटनांची मागणी मुंबईतल्याच घराची असून 9 जुलै 2025 रोजी आझाद मैदानात मोर्चा झाला.

कर्ज : कामगार बहुधा साठीपार, म्हणून हप्ता मुलाच्या पगारावर.

पाहा : बीडीडी चाळी.