शुश्रूषा करणाऱ्यांची विचारपूस

धार आणि देवास ही नावे घेताच मराठी मनाला पवारांच्या गाद्या आठवतात. अठराव्या शतकात माळव्यात रोवलेल्या या संस्थानांच्या लढाया आणि सनदा यांवर पुष्कळ लिहिले गेले. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्यांवर मात्र फारसे नाही. 1891 मध्ये कॅनडातून हिंदुस्थानात आलेल्या डॉ. मार्गारेट ओहारा यांनी धार येथे सुमारे तीन दशके वैद्यकीय सेवा केली, हे किती जणांना ठाऊक असेल?

देवासची एक कथा तेवढी सर्वांच्या तोंडी आहे. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व 1948 मध्ये कोरड्या हवेसाठी तेथे राहावयास आले. पुढे कित्येक वर्षे गाणे बंद. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवे होते. पत्नी भानुमतीबाई स्वतः गायिका. पण त्यांनी शिक्षिकेची नोकरी धरली, घर चालविले आणि शुश्रूषाही केली. 1953 च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत गाऊ लागले. भानुमतीबाई 1961 मध्ये निवर्तल्या. त्यांच्या त्यागाचे आपण कौतुक करतो. मला ते कौतुक थोडे सोयीचेच वाटते. कारण त्या वर्षांत त्यांची विचारपूस कोण करीत होते, हे विचारण्याचे त्यामुळे राहून जाते.

स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषेत हा प्रश्न अधिकच बोचतो. क्षयाचा रोगी बरा होऊन आभार मानू शकतो. स्मृतिभ्रंशाचा रोगी सेविकेला रोज नव्याने ‘तू कोण?’ म्हणून विचारतो, प्रसंगी चोरही ठरवितो. इंग्लंडात ब्रॅडफर्ड येथील टॉम किटवुड यांनी 1997 च्या आपल्या ग्रंथात रोग्याआधी माणूस पाहा, असे प्रतिपादन केले. आणि संस्था सेवकांना माणूस म्हणून वागवील तरच सेवक रोग्याला तसे वागवू शकतील, हेही सांगितले. त्यांच्या देखरेखीच्या पद्धतीत निरीक्षक कोपऱ्यात बसून दर पाच मिनिटांनी रोगी काय करतो, प्रसन्न आहे की खिन्न, हे टिपतो आणि नंतर सेवकांसह त्या नोंदींवर बोलतो. ही झडती नव्हे. शाळातपासणीचा अनुभव असलेल्या आम्हा शिक्षकांना हा भेद चटकन उमगेल!

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे 88 लाख माणसांना हा विकार आहे. त्यांतील बहुतेकांची काळजी घरीच घेतली जाते. सून घेते किंवा पगारी बाई. त्या बाईला आठवड्याची सुटी कोणती, रात्री तिची पाळी कोण बदलणार, आजोबांनी हात उगारला तर तिने कोणापाशी बोलावे, हे तिला कामावर ठेवताना ठरविलेले क्वचितच आढळते.