कोळशाच्या वाटेवर सायकली

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या पूर्वेला स्टेपल हिल नावाचं उपनगर आहे. तिथल्या वस्तीखालून सुमारे 470 मीटर लांबीचा एक बोगदा जातो. कामावर निघालेले सायकलस्वार, शाळेला चाललेली मुलं, बाबागाडी ढकलणारे आईबाप, कुत्र्याला फिरायला नेणारी म्हातारी माणसं, सगळे त्यातून एकाच वाटेनं जातात. बोगदा खणला गेला तेव्हा मात्र पायडलची सायकल जन्मालाही आली नव्हती. कोलपिट हीथच्या खाणींतला कोळसा ब्रिस्टलला आणण्यासाठी जी रेल्वे बांधली, तिचा हा बोगदा. 1835 मध्ये ती पूर्ण झाली, तेव्हा कोळशाचे डबे घोडे ओढत.

त्याच 1835 साली ब्रिटिश संसदेनं रस्त्यांविषयी एक कायदा केला आणि पदपथावरून गाडी हाकणं गुन्हा ठरवलं. पुढे 1888 च्या कायद्यानं सायकलीला गाडीचा दर्जा मिळाला. रस्त्यावरचा तिचा हक्क पक्का झाला, पण पदपथ तिला कायमचा बंद झाला. पायी चालणारा एकीकडे, सायकलवाला दुसरीकडे, अशी ही वाटणी पुढे अनेक दशकं टिकली. 1968 च्या एका कायद्यानं ती थोडी सैल झाली. ग्रामीण भागातल्या घोडेस्वारांच्या वाटा सायकलींना खुल्या झाल्या, पण एका अटीवर: पादचारी आणि घोडेस्वार यांना सायकलस्वारानं आधी वाट द्यायची.

दरम्यान कोळशाच्या त्या मार्गाचं रूप पालटलं होतं. घोड्यांच्या जागी इंजिनं आली. 1869 मध्ये मिडलंड रेल्वेनं याच मार्गावरच्या मँगोट्सफील्डहून बाथ शहरापर्यंत फाटा काढला आणि प्रवासी गाड्या धावू लागल्या. जवळजवळ शंभर वर्षांनी, ब्रिटनभर तोट्यातले लोहमार्ग बंद होत असताना, 1966 मध्ये या फाट्यावरची प्रवासी वाहतूक थांबली. बाथच्या गॅस कारखान्याला जाणारा कोळसाही 1971 मध्ये बंद झाला. यथावकाश रूळ उखडले गेले.

उरली ती अरुंद, लांबच लांब जमीन. पण तिचं मोल मोठं होतं. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही, म्हणून इंजिनीअरांनी टेकड्या कापल्या होत्या, सखल भागांत भराव घातले होते, नदीवर पूल बांधले होते. ब्रिस्टल आणि बाथ ही दोन्ही चढउतारांची शहरं. त्यांच्यामधली जवळजवळ सपाट वाट एकोणिसाव्या शतकातल्या मजुरांच्या घामातून आधीच तयार झालेली होती.

हे ओळखलं ते ब्रिस्टलच्या सायकलप्रेमींनी. 1973 च्या तेलसंकटाची आठवण ताजी असताना, जुलै 1977 मध्ये, तिथं 'सायकलबॅग' नावाचा गट उभा राहिला. जॉन ग्रिमशॉ हे इंजिनीअर त्याचे पुढारी. 1979 मध्ये गटानं बाथ ते बिटन हा सुमारे 8 किलोमीटरचा पट्टा हाती घेतला. स्वयंसेवकांनी फावडी घेऊन झुडपं तोडली, जमीन सपाट केली आणि वर चुनखडीची भुकटी अंथरली. काम तुकड्यातुकड्यानं ब्रिस्टलकडे सरकत गेलं. 1986 पर्यंत सुमारे 21 किलोमीटरचा आणि साधारण 3 मीटर रुंदीचा मार्ग पुरा झाला.

बिटनला तर आगगाडीनंही आपला हक्क राखला. तिथल्या रेल्वेप्रेमींनी 1972 पासून मार्गाचा काही भाग जपायला घेतला होता. आज वाफेचं इंजिन आणि सायकली तिथं शेजारीशेजारी धावतात.

सायकलबॅगमधूनच 1983 मध्ये 'सस्ट्रान्स' ही संस्था घडली. 1995 मध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून तिला 4 कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळाली आणि 2000 मध्ये सुमारे 8000 किलोमीटरचं राष्ट्रीय सायकल जाळं खुलं झालं. ब्रिस्टल-बाथ मार्ग हा त्यातल्या चौथ्या क्रमांकाच्या मार्गाचा भाग आहे.

मात्र सगळं सुरळीत झालं असं नाही. 3 मीटरमध्ये घाईचा सायकलस्वार आणि रमतगमत चालणारा माणूस एकत्र आले की कुरबुर ठरलेली. मागून आवाज न करता सायकल आली की चालणारा दचकतो. कुत्र्याचा लांब पट्टा आडवा आला की सायकलवाला वैतागतो. देशभरच्या जाळ्यातले बरेच भाग सर्वांना सुरक्षितपणे वापरता येण्याजोगे नाहीत, हे सस्ट्रान्सनं 2018 च्या आढाव्यात स्वतःच मान्य केलं.

खरी कसोटी लागली ती 2008 मध्ये. ब्रिस्टलमधल्या या मार्गाच्या काही भागावरून जलद बस नेण्याची योजना पुढे आली. हजारो लोकांनी विरोध नोंदवला आणि योजना बासनात गेली. त्याच वर्षी ब्रिस्टलला ब्रिटनचं पहिलं 'सायकल शहर' म्हणून निवडण्यात आलं. ही वाट सायकलपटूंपुरती राहिली असती, तर कदाचित वाचली नसती. ती वाचली, कारण शाळकरी मुलांपासून आजीआजोबांपर्यंत सगळ्यांच्या रोजच्या पायाखालची ती झाली होती.

आपल्याकडे मात्र अशा वाटेसाठी जागाच चुकीची निवडली गेली. पवई तलावाकाठी आखलेला सायकल आणि पादचारी मार्ग मुंबई उच्च न्यायालयानं मे 2022 मध्ये बेकायदा ठरवला आणि केलेलं बांधकाम काढून टाकण्याचा आदेश दिला. पाणथळ जागांविषयीचे नियम त्यात मोडले गेले होते. आपल्या महापालिकांनी असे मार्ग जरूर बांधावेत. पण तलावात भराव घालण्याआधी शहरातली वापराबाहेर गेलेली जमीन शोधावी, आणि आखणी करतानाच चालणाऱ्यासाठी पुरेशी रुंदी राखावी.